कढईतलं कॉबलर आणि आपलं संत्रं

नागपूरहून वर्धा रोडनं निघालं की साधारण तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागतं. इथे रस्ता फुटतो. एक वाट वर्धा, यवतमाळकडे जाते, दुसरी हिंगणघाटवरून थेट हैदराबादकडे. दोन्ही रस्त्यांच्या मधे आणि आजूबाजूला एमआयडीसी. कागदावर तिचं नाव ‘पंचतारांकित औद्योगिक वसाहत’, बोलण्यात ‘फाइव्ह स्टार एमआयडीसी’. तुमच्यातले किती तरी जण इथे इन-प्लांट ट्रेनिंगला येतात, अप्रेंटिसशिप करतात, नाही तर भाड्याच्या खोलीत चौघं-पाचजण राहून रोज नागपूरला कॉलेजला अप-डाउन करतात. वसाहत फाइव्ह स्टार असली तरी खोलीतला स्वयंपाकाचा ओटा मात्र एक बर्नर, एक कुकर, एक कढई आणि न जुळणारे चार चमचे एवढाच असतो.

त्या ओट्यावर काय शिजतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. खिचडी, अंडी, मॅगी. रविवारी जोर आला तर सावजी मसाल्याचं पाकीट आणून चिकन. गोड मात्र कधीच शिजत नाही. गोड विकत येतं. वाढदिवस असला की केक मागवायचा, निकाल लागला की बर्फीचा डबा, बाकी दिवशी गोड खावंसं वाटलं तर मोबाइल काढायचा. ‘गोड पदार्थ’ म्हणजे कोणी तरी दुसऱ्यानं केलेली, डब्यात भरलेली, पैसे देऊन घ्यायची वस्तू, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

आज या पानावर आम्ही एका गरम गोड पदार्थाची बाजू मांडणार आहोत. त्याचं नाव फ्रूट कॉबलर. तळाला शिजवलेलं फळ, वर पिठाचे ओबडधोबड गोळे, आणि सगळं एकाच भांड्यात भाजलेलं. नाव ऐकून ‘हे आपलं काम नोहे’ असं म्हणू नका. या पदार्थाचा जन्मच मुळी अर्धवट स्वयंपाकघरात झाला आहे.

परक्या मुलखातल्या लोकांचा जुगाड

इंग्लंडातून अमेरिकेत जाऊन वसलेल्या लोकांना आपल्या घरची पुडिंगं आणि पाय आठवायचे. पण नव्या मुलखात त्यासाठी लागणारी भांडी नव्हती, चरबी नव्हती, नीट भट्टी नव्हती. होतं काय? एक जाड लोखंडी हंडा, चुलीतला विस्तव, थोडं पीठ आणि आसपासच्या झाडांवरचं फळ. मग त्यांनी फळ हंड्यात शिजवलं, वरून पीठ चमच्यानं टाकलं आणि झाकण ठेवलं. पाय व्हायला हवा होता, झालं भलतंच काही तरी. पण चव लागली, आणि ते भलतंच टिकलं. 1839 साली छापलेल्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ या लेटिस ब्रायनच्या पाकपुस्तकात पीचच्या अशा पदार्थाला लोक कॉबलर म्हणतात अशी नोंद सापडते.

नाव कुठून आलं याबद्दल दोन मतं आहेत. एक म्हणतं, वरचे पिठाचे गोळे भाजल्यावर दगडी फरसबंदीसारखे दिसतात म्हणून. दुसरं म्हणतं, मिळेल ते घाईनं जोडूनजाडून उभं करण्याला इंग्रजीत हेच क्रियापद आहे म्हणून. दुसरं मत खरं असो वा नसो, पदार्थाला ते फिट बसतं. आपण ज्याला जुगाड म्हणतो तोच हा प्रकार.

या पदार्थाचे भाऊबंदही असेच. इंग्लंडातलं क्रंबल घ्या. त्यात वर गोळे नसतात, पीठ-लोणी-साखरेचा नुसता भुगा असतो. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंगमुळे पीठ, लोणी, साखर मोजून मिळत होतं, तेव्हा पायच्या दोन पोळ्यांऐवजी वरून थोडा भुगा पुरवठ्याला येई, म्हणून ते घरोघरी रुळलं असं सांगितलं जातं. म्हणजे टंचाई आली की माणसं गोड सोडत नाहीत, गोडाची रीत बदलतात.

आता सांगा, घरापासून दूर, अर्धवट भांड्यांत, मिळेल त्या फळावर गोड करणाऱ्या त्या लोकांमध्ये आणि बुटीबोरीच्या एका खोलीत राहणाऱ्या गोंदिया, यवतमाळ, बालाघाट, सिवनीच्या पोट्ट्यांमध्ये फरक तो कितीसा? त्यांच्याकडे लोखंडी हंडा होता. तुमच्याकडे कढई आहे.

‘भाजणं’ आपल्याला नवं नाही

‘ओव्हन नाही’ हे पहिलं कारण पुढे येतं. ते कारण विदर्भातल्या माणसानं तरी सांगू नये. रोडगे कुठे भाजतात? गोवऱ्यांच्या आरात. कणकेच्या पोळ्यांचे पदर एकावर एक ठेवून वळलेला गोळा निखाऱ्यात पुरायचा, बाहेरून खरपूस आणि आतून मऊ झाला की राख झटकायची, फोडायचा, तूप ओतायचं आणि वांग्याच्या भाजीसोबत खायचा. पानगे तर पळसाच्या पानात गुंडाळून भाजतात. शेतातल्या पार्टीला, मारुतीच्या देवळातल्या स्वयंपाकाला शेकडो माणसांचं असं भाजणं आपल्या गावांत होतं, तेही थर्मामीटर न लावता. बंद जागेत कोरड्या उष्णतेवर पीठ भाजायचं, यालाच जग बेकिंग म्हणतं. आपल्या आज्यांनी झाकणावर निखारे ठेवून ‘खाली-वर विस्तव’ दिला, अमेरिकेतल्या त्या लोखंडी हंड्याच्या झाकणावरही निखारेच ठेवत असत. दोघींची कधी गाठ पडली नाही, युक्ती एकच सुचली.

आणखी एक आठवण घरी विचारून बघा. दिवाळीच्या आधी रवा-मैदा-तूप-साखर डब्यात घालून गल्लीतल्या बेकरीत नेऊन द्यायची आणि संध्याकाळी नानखटाई भाजून आणायची, ही रीत तुमच्या आईच्या लहानपणी गावोगावी होती. ओव्हन घरात नव्हता, पण बेकिंग घरचंच होतं. भट्टी तेवढी बेकरीवाल्याची. तेव्हा ‘ओव्हन नाही म्हणून बेकिंग नाही’ हे आपल्या घरांनी कधीच मान्य केलं नव्हतं. ते आपण अलीकडे मान्य केलं.

संत्र्याच्या गावात संत्र्याचं काय होतं?

आता फळाकडे येऊ, कारण खरा मुद्दा इथे आहे.

आपण ऑरेंज सिटीवाले. ‘नागपूर संत्रा’ला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. काटोल, नरखेड, कळमेश्वर, तिकडे अमरावती जिल्ह्यात वरुड, मोर्शी, हा सगळा पट्टा संत्र्याचा. वर्षात दोन बहार. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या सुमारास बाजारात येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चकडे. त्या काळात नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे ढीग लागतात आणि तिथून ते देशभर जातात. संत्र्यावर संशोधन करणारी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे. ज्या ‘नोगा’चं स्क्वॉश आणि जॅम आपल्या घरात येत होतं, त्या नावाची अक्षरंसुद्धा नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनची आहेत.

एवढं सगळं असून आपण संत्र्याचं घरी काय करतो? सोलतो आणि खातो. पाहुणे आले तर रस काढतो. गावाला जाताना संत्रा बर्फीचा डबा विकत घेतो. बस. कोकणात आंब्या-फणसाचं साठ, पोळी, मुरांबा, लोणचं, सांदण असं अख्खं स्वयंपाकघर उभं राहिलं. आपल्याकडे संत्र्याभोवती तसं स्वयंपाकघर उभं राहिलंच नाही.

याला कारणं आहेत, आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. आपलं संत्रं सैल सालीचं. हातानं सहज सोलतं, म्हणूनच लाडकं. पण त्याच सैल सालीमुळे ते लवकर मऊ पडतं, लांबचा प्रवास त्याला सोसत नाही. त्यात बिया. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे कडवटपणा. रस काढून थोडा वेळ ठेवला किंवा तापवला की तो कडू लागायला लागतो. बियांमध्ये आणि फोडीच्या पांढऱ्या पापुद्र्यात असलेल्या एका घटकापासून रसात लिमोनिन तयार होतं, त्याचा हा प्रताप. त्यामुळे रसाच्या कारखान्यालाही हे फळ सहज मानवत नाही. प्रक्रिया कमी, म्हणून सगळी मदार ताज्या विक्रीवर. आणि ताज्या विक्रीत देखणं, मोठं, एकसारखं फळच भाव खातं. बारीक, डाग पडलेलं, थोडं मऊ झालेलं फळ मागे राहतं. त्यात बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा परदेशी गिऱ्हाईक. 2019 नंतर तिथलं आयात शुल्क वाढत गेलं, आणि त्याची झळ थेट वरुड-मोर्शीच्या बांधापर्यंत पोचली.

तुमच्यातल्या अनेकांच्या घरी संत्र्याची बाग आहे. बारीक मालाचं दुःख तुम्हाला आम्ही काय सांगणार! पण जे बागेत वाढले नाहीत त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं: हातगाडीवर संध्याकाळी उरलेला, भाव उतरलेला जो ढीग तुम्ही ‘खराब आहे’ म्हणून ओलांडून जाता, त्यातलं बरंचसं फळ खराब नसतं. ते फक्त देखणं नसतं. आणि कॉबलरला देखणं फळ लागतच नाही. उलट पूर्ण पिकलेलं, किंचित मऊ पडलेलं फळच जास्त गोड लागतं.

आता कामाला लागू

हिवाळ्यात नागपूरकडे पारा दहाच्या खाली उतरतो. अशा रात्री चौघांना पुरेल एवढं कॉबलर कसं करायचं ते सांगतो. फळं दोन: पेरू आणि संत्रं. दोन्ही त्याच दिवसांत मिळतात, आणि ही जोडी मुद्दाम निवडली आहे. पेरूत पेक्टिन भरपूर, त्यामुळे शिजवला की रस आपोआप दाट होतो. संत्र्याचा आंबटपणा पेरूच्या गोडीला उठाव देतो. आणि पेरू शिजवून घेतल्यामुळे संत्र्याला फार वेळ तापवावं लागत नाही, म्हणजे कडवटपणाचा धोका कमी.

पाच-सहा मध्यम पेरू घ्या. चिरा, मधला बियांचा गर चमच्यानं काढून टाका (तो गाळून सरबत करा, फेकू नका). फोडी पातेल्यात घालून अर्धा कप पाणी आणि चार मोठे चमचे गूळ किंवा साखर घाला, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं मऊ होईपर्यंत शिजवा. रस फार पातळ वाटला तर एक चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या थंड पाण्यात कालवून लावा आणि मिनिटभर उकळू द्या. गॅस बंद करा.

चार संत्री सोला. इथे घाई करू नका. प्रत्येक फोडीचा पांढरा दोरा, वरचा पापुद्रा आणि बिया काढून फक्त आतला केशरी गर घ्यायचा. चौघं मिळून बसलात तर दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि गप्पा मारत करण्यासारखं दुसरं नाही. हा गर बंद गॅसवरच्या पेरूत मिसळा. चिमूटभर मीठ आणि असली तर दालचिनीची पूड किंवा वेलची. संत्र्याची साल किसून घालायचा मोह झाला तर फक्त वरचा केशरी भाग आणि तोही अगदी थोडा. पांढरा भाग आला की कडू.

आता वरचं पीठ. एक मोठा कप मैदा, म्हणजे साधारण 125 ग्रॅम. निम्मी कणीक घेतली तरी चालेल. त्यात तीन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर. मग 50 ग्रॅम थंड लोणी किंवा घट्ट तूप घालून बोटांच्या टोकांनी चोळा. शंकरपाळ्यांना मोहन घालून पीठ चोळतात ना, अगदी तसंच. मुठीत दाबलं की मूठ वळली पाहिजे, सोडलं की भुगा झाला पाहिजे. मग अर्धा कप दूध घालून चमच्यानं फक्त एकत्र करा. मळायचं नाही! पोळीची कणीक जितकी मळावी तितकी चांगली, हे इथे उलटं आहे. मळलं की पिठातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि गोळा चिवट होतो. ओबडधोबड, ओलसर, चमच्यावरून जेमतेम पडेल असं पीठ हवं.

बेकिंग पावडर नाही? मग दूध आणि पावडर दोन्ही सोडा. अर्धा कप आंबट दही आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा घ्या. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की वायू तयार होतो आणि पीठ फुगतं. बेकिंग पावडर तरी दुसरं काय आहे? सोडा आणि कोरडं आम्ल एकाच डब्यात. 1843 साली अल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज रसायनज्ञानं ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट मानवत नव्हतं. म्हणजे तीही मुळात घरच्या माणसासाठी केलेली सोयच. केमिस्ट्रीवाल्यांनी हे प्रॅक्टिकलमध्ये न करता कढईत करून बघावं, जास्त लक्षात राहतं.

गरम फळ एका डब्यात किंवा कडांच्या भांड्यात ओता. फळ गरमच हवं. थंड असलं तर वरून पीठ भाजलं जातं पण त्याची खालची बाजू कच्ची, चिकट राहते. पिठाचे चमचे-चमचे गोळे फळावर टाका. पूर्ण झाकू नका, मधे फटी ठेवा, तिथून वाफ निघते आणि रस वर बुडबुडतो. वर थोडी साखर भुरभुरा.

जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेलं घ्या. नॉनस्टिक अजिबात नको, कोरडं तापून त्याचा थर खराब होतो. तळाला वाटीभर जाडं मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, त्यावर स्टँड किंवा छोटी वाटी उपडी ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या. मग भांडं आत ठेवा, झाकण लावा, आच मध्यमपेक्षा जरा कमी करा आणि पस्तीस ते चाळीस मिनिटं हात लावू नका. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणाऱ्यानं आतली उष्णता घालवली असं समजा. सुरी गोळ्यात खुपसून कोरडी बाहेर आली की झालं. घरी ओव्हन असेल तर 190 अंशावर अर्धा तास पुरतो. कढईत वरचा रंग ओव्हनसारखा सोनेरी येत नाही, थोडा फिकट राहतो. चवीत त्यानं काही बिघडत नाही. तेच मीठ पुढच्या वेळी भाजायला वापरा, खायला नाही.

उतरवल्यावर दहा मिनिटं थांबा. फळाचा रस उकळता असतो, जीभ भाजते, आणि थांबल्यानं तो दाटही होतो. मग वर दुधाची साय किंवा व्हॅनिला आइस्क्रीम. गरमाखाली थंड वितळायला लागलं की चौघांचे चमचे एकाच भांड्यात जातात.

एक सूचना गंभीरपणे घ्या. हॉस्टेलच्या खोलीत शेगडी किंवा कॉइल लपवून हे करू नका. नियम आहेत आणि ते आगीमुळे आहेत. मेसच्या काकूंना रविवारी दुपारी भांडी झाल्यावर तासभर गॅस मागा. सोबत त्यांनाही वाटीभर द्यायचं ठरलं तर नाही म्हणणार नाहीत. गावातल्या बेकरीवाल्या भाऊंनाही विचारून बघा, भट्टी थंडावत असताना एक भांडं आत सरकवणं त्यांना जड नसतं.

आणि फळ बदलत राहा. उन्हाळ्यात आंबा, जूनमध्ये बिया काढलेली जांभळं, मधल्या काळात चिकू, पपई, अननस. गावाच्या नावातच ‘बोरी’ आहे, तेव्हा बोरांचं काय असं कुणी विचारेल. बी काढायचा धीर असेल तर करा, नाही तर बोरकूटच बरं. एकच फळ कढईपासून लांब ठेवा: सीताफळ. तापवलं की कडू होतं.

‘याने काय होणार?’

हा प्रश्न येणारच, आणि तो बरोबर आहे. चार पोरांनी कढईत कॉबलर केल्यानं संत्र्याचा भाव वाढणार नाही. आयात शुल्क कमी होणार नाही. बागायतदाराला हवेत ते प्रक्रियेचे कारखाने, शीतगृहं, कमी बियांच्या जाती, धड बाजारपेठ. त्याची जागा एक गोड पदार्थ घेऊ शकत नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पण एक गोष्ट होते. ज्यानं एकदा स्वतःच्या हातानं संत्रं तापवून ते कडू झालेलं चाखलंय, त्याला ‘प्रक्रिया का होत नाही’ हा प्रश्न पेपरातल्या बातमीपेक्षा वेगळा कळतो. पापुद्रा काढल्यावर कडवटपणा गेला, हे ज्याच्या जिभेला कळलं, त्याला पुढचा प्रश्न पडतो: हे हजार किलोला कसं करायचं? तुमच्यात फूड टेक्नॉलॉजीवाले आहेत, मेकॅनिकलवाले आहेत, कॉमर्सवाले आहेत, आणि बाजूलाच एक अख्खी औद्योगिक वसाहत आहे. पापुद्रा सोलण्याचं यंत्र, उरलेल्या सालीचा उपयोग, बारीक फळाचा तयार गर. या कल्पना वर्गात सुचतीलच असं नाही, पण हात चिकट झाले की सुचतात. आपल्या फळाचा अभिमान आपण स्वागतकमानीवर रंगवतो, गाण्यांत मिरवतो. तो कधी तरी ओट्यावर यायला हवा.

दुसरी गोष्ट मुलांसाठी, म्हणजे पोट्ट्यांसाठी. ‘आमच्याकडून हे होत नाही बावा’ हे वाक्य आता जुनं झालं. ज्या मुलाला लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग धरता येतो, त्याला अर्धा कप दूध मोजता येत नाही असं कसं? स्वयंपाक बहिणीनं शिकायचा आणि भावानं खोलीवर राहायला गेल्यावर डबा लावायचा, ही वाटणी कुठल्याच खोलीत टिकत नाही. महिन्याच्या शेवटी डबेवाल्याचा हिशोब आला की ती तशीही मोडते. आणि मुलींनो, तुमच्यासाठी उलटं: हा पदार्थ ‘तुला येतो का’ म्हणून कुणी परीक्षा घ्यायचा नाही. आवडला तर करा, नाही तर संत्री सोलायला दुसऱ्याला बसवा.

तिसरी गोष्ट सांगायला साधी आहे, पण आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. बुटीबोरीत जवळजवळ प्रत्येक खोलीत कुणी तरी घरापासून लांब आहे. शिफ्टवरून रात्री परतणारा, सप्लीमुळे घरी फोन न करणारा, पहिल्यांदाच दिवाळीला सुटी न मिळालेला. त्याला विकतचा केक आणून दिला तर तो ‘थँक्यू’ म्हणतो. चाळीस मिनिटं कढईपाशी बसून, खोलीभर दालचिनी आणि भाजल्या पिठाचा वास पसरवून केलेलं काही समोर ठेवलं, तर तो थोडा वेळ खोलीतच बसतो. बोलतो. आणलेलं गोड पाच मिनिटांत संपतं. केलेल्या गोडाची वाट बघावी लागते, आणि वाट बघताना माणसं एकत्र बसतात. त्या परक्या मुलखातल्या लोकांनी भट्टी नसतानाही पायचा हट्ट सोडला नाही, तो उगाच नाही. गोडाशिवाय माणूस जगतो. पण घर सोडून आलेल्या माणसाला मधूनमधून कुणी तरी आपल्यासाठी काही शिजवलेलं लागतं.

‘आपले शिरा, पुरणपोळी सोडून हे कशाला?’ असं घरून विचारलं तर भांडू नका. शिराही करा. पुरणपोळी शिकलात तर या पानातर्फे सलाम. मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळे आपल्याकडे बाहेरूनच आले, आपण त्यांना आपलं केलं, आणि आता त्यांच्याशिवाय आपला स्वयंपाक चालत नाही. कॉबलरमध्ये संत्रं आणि पेरू आपला, कढई आपली, मोहन आपलं. नाव तेवढं परकं. तेही कुणी तरी लवकरच बदलेल. वऱ्हाडी माणसाच्या तोंडी एखादा शब्द गेला की तो पहिल्यासारखा परत येत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. संध्याकाळी हातगाडीवर थांबा. वरची चकाकणारी संत्री राहू द्या, खालची बारीक घ्या. भाव पाडून मागू नका, भाऊ सांगतील तो द्या. चार पेरू घ्या. खोलीवर जाऊन ज्याला कधी कुणी स्वयंपाकात हात लावू देत नाही, त्याला फोडी सोलायला बसवा. पहिलं कॉबलर थोडं करपेल, दुसरं जमेल, आणि तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या खोलीतले वास घेत दारात उभे राहतील. त्यांच्यासाठी दोन चमचे जास्तीचे आणून ठेवा.